वकिलीची सनद आणि घरचा हिशेब

वाचकाचे पत्र :

“मी साताऱ्यात एका पतसंस्थेच्या वसुली विभागात लिपिक आहे. वय ४३. २००३ साली ५४ टक्के गुणांनी बी.कॉम. झाले आणि त्याच वर्षी लग्न झाले. माझ्या टेबलासमोर रोज जामीनदार येऊन बसतात आणि त्यांत बायका बऱ्याच असतात. जावेच्या, नणंदेच्या किंवा बचत गटातल्या मैत्रिणीच्या कर्जाला त्यांनी सही केलेली असते आणि कर्जवसुलीची १०१ ची नोटीस हातात पडली, की ‘ताई, मी तर पैसे घेतलेच नव्हते’ असे म्हणून रडू लागतात. आपण वकील व्हावे असे मला कित्येक वर्षे वाटते. एलएल.बी.साठी दोनदा हालचाल केली. एकदा मुलीचा जन्म आणि एकदा सासूबाईंचे आजारपण आड आले. आता माझ्या आरडीचे २ लाख १० हजार रुपये मिळणार आहेत. घरात वरच्या मजल्याच्या स्लॅबचे चालले आहे, मुलगा अकरावी सायन्सला आहे आणि मुलगी आठवीत. यजमान विरोधात नाहीत. ‘मुलाचे एकदा मार्गी लागू दे, मग तुझे बघू’ एवढेच म्हणतात. माझा १९ हजार पगार पूर्ण घरखर्चाच्या खात्यात जातो. या वयात स्वतःसाठी पैसे काढणे हा स्वार्थ ठरेल का? आणि शिकायचे तर नोकरी सोडावी का?”
— एक वाचक, सातारा

उत्तर :

ताई, तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचा हिशेब त्यावर उभा आहे. नोकरी आत्ता सोडू नका. ती सोडण्याची वेळ येणार आहे, परंतु ती प्रवेश घेताना नव्हे, तर पदवीनंतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घेताना येईल. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिली करणाऱ्या व्यक्तीला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे तुम्ही सनद घ्याल त्या दिवसापासून १९ हजारांचा पगार थांबेल आणि त्याच्या जागी जे येईल ते सुरुवातीला फार थोडे असेल. नव्या वकिलाला एखाद्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली राहून तारखा सांभाळाव्या लागतात, अर्ज आणि कैफियतींचे मसुदे लिहावे लागतात, आणि स्वतःच्या नावावर विश्वास ठेवून येणारे पक्षकार जमायला वेळ लागतो. वकील होऊ इच्छिणारी बहुतेक माणसे महाविद्यालयाच्या फीची चिंता करतात आणि या पहिल्या दीड-दोन वर्षांची तजवीज करायला विसरतात. परिणामी हातात सनद असूनही, घर चालत नाही म्हणून, पुन्हा कुठेतरी नोकरी धरावी लागते. तुमची खरी गुंतवणूक त्या दीड-दोन वर्षांसाठी लागणार आहे, आणि तिची सुरुवात आजपासून करता येते, ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

पात्रतेची काळजी तुम्ही मनातून काढून टाका. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी खुल्या प्रवर्गातून पदवीला ४५ टक्के गुण लागतात, तुम्हाला ५४ आहेत. आणि महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेला, म्हणजे सीईटीला, वयाची कमाल मर्यादा नाही. सीईटीमध्ये कायद्याची जाण, सामान्य ज्ञान, तर्कक्षमता आणि इंग्रजी यांवर बहुपर्यायी प्रश्न असतात, चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, आणि इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. साताऱ्यातच रयत शिक्षण संस्थेचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आहे, त्यामुळे कोल्हापूर किंवा पुण्याला राहण्याचा खर्च धरण्याची गरज नाही, मात्र तेथे प्रवेश मिळण्याइतके गुण सीईटीत मिळवावे लागतील.

खरी अडचण हजेरीची आहे, आणि ती लपवून तुम्हाला उत्साहात ढकलणे मला योग्य वाटत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनी प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती मागितली आहे, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियोक्त्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा आग्रह अलीकडे वाढला आहे. दूरशिक्षणाने घेतलेली कायद्याची पदवी सनदेसाठी चालत नाही. ‘फक्त परीक्षेला या, हजेरीचे आम्ही बघतो’ असे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांच्याकडे एक रुपयाही देऊ नका. त्याऐवजी दोन ठिकाणी स्वतः जाऊन बोला. महाविद्यालयाच्या कार्यालयात तासांच्या वेळा विचारा, आणि त्या हातात आल्यावर तुमच्या व्यवस्थापकांकडे लेखी अर्ज करून कामाची वेळ पुढेमागे करून मिळेल का, काही महिने अर्धवेळ किंवा बिनपगारी रजा मिळेल का, हे विचारा. वसुलीचे काम कायदा जाणणारी व्यक्ती अधिक चांगले करते, हे कोणत्याही शहाण्या व्यवस्थापकाला पटवून देता येते. दोन्हीकडून नकारच आला, तर प्रवेश एक वर्षाने पुढे न्यावा लागेल. पण तो निर्णय या दोन उत्तरांनंतर घ्यायचा, आधी नाही.

तुमच्याजवळ आधीच जमा असलेली एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. तुम्ही पत्रात १०१ चा उल्लेख सहज केला आहे. परंतु महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला कसा निघतो, सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधकांकडे सुनावणीची तारीख लागते तेव्हा कोण हजर राहते आणि कोण राहत नाही, म्हणणे दाखल न केल्यामुळे किती दाखले एकतर्फी जातात, हे पुस्तकातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षानुवर्षे उमगत नाही आणि तुम्ही ते रोज पाहता. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराइतकीच असते, हे त्या रडणाऱ्या बाईला कोणी सही करण्याआधी सांगितलेले नसते. मात्र तिच्या संमतीवाचून कर्जाच्या अटी बदलल्या गेल्या असतील, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरती ती मुक्त होऊ शकते, असे त्याच कायद्याचे कलम १३३ सांगते. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज करायचा तर वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, म्हणून खरी लढाई दाखला निघण्यापूर्वीच्या सुनावणीत लढायची असते. हे काम मनापासून करणारा वकील सातारा, कोरेगाव, वाई अशा तालुक्यांतल्या बायकांना हवा आहे, आणि त्या कामाची निम्मी उमेदवारी तुमची नोकरीतच झालेली आहे. म्हणूनच या स्वप्नामागे पैसे लावा असे मी मोकळेपणाने सांगू शकते. कशाचाही आधार नसलेली हौस असती, तर माझा सल्ला निराळा असता.

आता स्वार्थाविषयी. आपल्या जिल्ह्याने दुसऱ्याच्या स्वप्नासाठी स्वतःचे मोडून देणाऱ्यांच्या आठवणी फार आदराने जपल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. या गोष्टी शाळेपासून ऐकत मोठे झालेल्या आपल्या पिढीला त्याग ओळखता येतो, पण स्वतःच्या कामासाठी स्वतःच्या कमाईतला वाटा बाजूला ठेवणारी बाई दिसली, की तिच्याविषयी काय वाटून घ्यावे ते कळत नाही, आणि बहुधा त्या बाईलाही कळत नाही. याच गोष्टींची दुसरी बाजू पाहा. खाशाबांना आपले कुस्तीचे स्वप्न लोकांपुढे मांडावे लागले, त्यासाठी पैसे मागावे लागले, आणि त्यांना कोणी स्वार्थी म्हटले नाही. त्यांनी संकोचाने गप्प राहणे पसंत केले असते, तर स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आपल्या जिल्ह्यात आले नसते. तुम्हाला तर कोणाकडे मागायचेही नाही. वीस वर्षांच्या संसारात तुम्ही मिळवलेल्या पैशांतला काही भाग तुमच्या नावे राहू द्यायचा आहे.

यजमानांच्या म्हणण्यात दुष्टपणा नाही, हे तुमच्याप्रमाणे मलाही जाणवते. पण ‘मग बघू’ या उत्तराला तारीख नाही आणि रक्कमही नाही. मुलाच्या बारावीनंतर त्याचे महाविद्यालय येईल, त्यानंतर मुलीची दहावी-बारावी, आणि दोघांची लग्ने तर पुढे उभीच आहेत. या रांगेत तुमचा क्रमांक आपोआप कधीही लागणार नाही. घरात ज्या खर्चाला रक्कम आणि मुदत ठरलेली असते, तो खर्च होतो. मुलाच्या क्लासची फी भरली जाते, कारण ती अमुक तारखेला अमुक इतकी भरायची असते. तुमच्या शिक्षणालाही तसेच रूप द्या, म्हणजे ते घरातल्या इतर देण्यांच्या पंक्तीला येऊन बसेल.

त्यासाठी मी तुमच्या आकड्यांवरून एक मांडणी करून पाहिली. आरडीच्या २ लाख १० हजारांपैकी ६० हजार रुपये स्लॅबला द्या, कारण घर तुमचेही आहे आणि बांधकामाचा खर्च वर्षागणिक वाढतो, ही यजमानांची बाजू खरी आहे. उरलेल्या दीड लाखाची फक्त तुमच्या नावावर मुदत ठेव करा. यापुढे पगारातले ४ हजार रुपये, पगार जमा होईल त्याच दिवशी, वेगळ्या आरडीत जातील अशी व्यवस्था करा आणि घरखर्चाच्या खात्यात १५ हजार जाऊ द्या. तीन वर्षांत या आरडीत १ लाख ४४ हजार भरले जातील. दीड लाखाशी मिळवून व्याज न धरता २ लाख ९४ हजार होतात. घराला तुमच्याकडून महिना १५ हजार मिळतात असे धरले, तर ही रक्कम तुमचा वाटा एकोणीस महिने भरून काढू शकते. तीतून फी, पुस्तके आणि सनदेचा खर्च गेला आणि मधे काही महिने बिनपगारी रजा घ्यावी लागली, तरी वर्षभराची शिदोरी शिल्लक राहील असा प्रयत्न करता येईल. ही रक्कम कोणाकडून मागून आणायची नाही, ती तुमच्याच कमाईतली आहे. फक्त तिच्यावर नाव कोणाचे, एवढाच प्रश्न आहे.

ही ठेव तुम्ही काम करता त्या संस्थेत किंवा कोणत्याही पतसंस्थेत ठेवू नका, बँकेत ठेवा. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांच्या ठेवींना हे संरक्षण नाही, आणि त्याचे परिणाम वसुली विभागात बसणाऱ्या तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असतील. मुलीच्या नावावर सुकन्या समृद्धीचे खाते असेल तर त्याला हात लावू नका, सोनेतारण कर्ज काढू नका, आणि भिशीच्या भरवशावर फीची तारीख ठेवू नका. कर्ज काढून वकिली सुरू करणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षीच मिळेल ते काम घ्यावे लागते, आणि तुम्हाला जे काम करायचे आहे त्यात येणारा पक्षकार स्वतःच अडचणीत असतो.

सवलतींची चौकशीही प्रवेशाआधीच करा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला आहे. विवाहित विद्यार्थिनीसाठी उत्पन्नाचा दाखला कोणाच्या नावे लागतो आणि तुमच्या प्रकरणात अर्ज कसा भरायचा, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारून घ्या. सनदेच्या नोंदणी शुल्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निकाल दिला असून खुल्या प्रवर्गासाठी ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलांना घेता येत नाही. याशिवाय अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. पुस्तके जुन्या बाजारातून घेणार असाल तर एक सांभाळा : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले आहेत, त्यामुळे या विषयांची जुनी पुस्तके स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. करार कायद्याचे जुने पुस्तक मात्र चालेल.

एवढे पैसे आणि एवढी वर्षे लावण्याआधी हे काम आपल्याला रोज करायला आवडेल का, याची खात्री करून घेण्याचा एक मार्ग तुमच्या गावात उपलब्ध आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या मदतीपर्यंत लोकांना पोहोचवण्यासाठी प्राधिकरण प्रशिक्षण देऊन पॅरा लीगल व्हॉलंटिअर नेमते. निवड केव्हा होणार आहे याची तेथे चौकशी करा आणि अर्ज द्या. निवड होईपर्यंत रजेच्या एखाद्या दिवशी न्यायालयात जाऊन बसा. सुनावणी सहसा सर्वांसाठी खुली असते. तारीख पडणे, पुन्हा तारीख पडणे, तासन्‌तास वाट पाहणे, आणि मग दहा मिनिटांत सगळे संपणे, हे डोळ्यांनी पाहिल्यावरही तुम्हाला तेथे उभे राहावेसे वाटले, तर पैसे लावताना हात थरथरणार नाही. एक काळजी मात्र घ्या. तुमच्या संस्थेच्या कर्जदारांना किंवा जामीनदारांना संस्थेविरुद्ध सल्ला देऊ नका आणि तेथील कागद बाहेर नेऊ नका. त्यांना विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता सांगणे मात्र पूर्णपणे योग्य आहे, आणि ते तुम्ही उद्यापासून करू शकता.

घरात हा विषय काढताना परवानगी मागण्याच्या स्वरात काढू नका आणि भांडणाच्या स्वरातही नको. वरची मांडणी कागदावर लिहून यजमानांपुढे ठेवा आणि त्यांना तीन गोष्टी नेमक्या विचारा : १५ हजारांत घरखर्च कसा बसवायचा, तासांच्या वेळी सासूबाईंकडे आणि मुलीकडे कोण पाहणार, आणि सनद घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षी घर त्यांच्या पगारावर आणि तुमच्या ठेवीवर चालेल का. बचतीच्या आकड्यांपेक्षा वेळेची वाटणी अधिक कठीण जाईल असे मला वाटते, कारण पैसे एकदा ठरवले की बाजूला राहतात, आणि संध्याकाळचा स्वयंपाक रोज नव्याने समोर येतो. म्हणून आठवड्यातील कोणत्या संध्याकाळी स्वयंपाक तुमच्याकडे नाही, हेही त्याच कागदावर लिहा. मुलगा सतरा वर्षांचा होतो आहे, त्याचे नावही त्या वाटणीत असू द्या. त्याची बारावी आणि तुमचे पहिले वर्ष एकाच वेळी येईल म्हणून थांबू नका. अभ्यासाला बसलेल्या मुलाला आईने सतत जवळ उभे राहण्याची गरज नसते. सीईटी देऊन पाहा. त्या गुणांवर प्रवेश त्याच वर्षापुरता मिळतो, त्यामुळे प्रवेश पुढे न्यावा लागला तर परीक्षेचे शुल्क वाया जाईल आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागेल, याहून मोठे नुकसान नाही.

राहिले कागद. तुमची पदवी आणि गुणपत्रके माहेरच्या नावाची असणार, आणि आधार व पॅन सासरच्या नावाचे. प्रवेशाच्या वेळी या दोन नावांची सांगड घालणारा पुरावा मागतात; विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर ते काढावे लागते किंवा नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. या कामांना आठवडे लागतात आणि प्रवेशफेरीची मुदत मोजक्या दिवसांची असते. विद्यापीठाचे मूळ पदवी प्रमाणपत्र तुम्ही २००३ नंतर घेतले होते का, की केवळ गुणपत्रकावर नोकरी लागली, तेही तपासा. घेतले नसेल तर विद्यापीठाकडे आताच अर्ज करा. सीईटीची तारीख दरवर्षी बदलते आणि ती राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर जाहीर होते. तिची वाट न पाहता नगरपालिकेच्या विवाह नोंदणी विभागात या महिन्यातच जाऊन या, आणि आरडी ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी मुदत ठेवीचा अर्ज भरा, कारण मोकळी दिसणारी रक्कम घरात फार काळ मोकळी राहत नाही.